दोऱ्याला बांधलेला खोडरबर

कारंडेवाडी फाट्यावरच्या डॉक्टर प्रमोद उपळेकरांच्या दवाखान्यात दोन वस्तू दोऱ्यानं टेबलाच्या पायाला बांधलेल्या होत्या. एक पेन, कारण ते पेशंट खिशाला लावून घरी नेत. दुसरा खोडरबर. तो कुणी घरी नेत नव्हतं; पण तो हरवला तर गावात काय काय होईल याची डॉक्टरांना कल्पना होती.

डॉक्टरांची लिहायची एक पद्धत होती. शाईनं आजार लिहायचा आणि पेन्सिलीनं माणूस. केसपेपरवर शाईनं असायचं, ‘पोटात दुखते, आठ दिवस.’ त्याखाली पेन्सिलीनं, ‘मुलगा वेगळा राहिला, आठ दिवस.’ औषध बहुतेक वेळा पेन्सिलीकडे बघून दिलं जाई आणि गुण शाईच्या नावावर जमा होई. बोलून मोकळं झालेला पेशंट दारापर्यंत जाऊन परत वळायचा आणि म्हणायचा, “डॉक्टर, ते तेवढं...” मग डॉक्टर केसपेपर त्याच्यासमोर धरत, खोडरबर फिरवत, कागदावर फुंकर मारत आणि म्हणत, “बघ. गेलं.” पेशंट निम्मा बरा तिथंच होई.

असं त्रेचाळीस वर्षं चाललं. अकरा हजार केसपेपर झाले. गावातल्या निम्म्या भानगडी त्या कागदांवर लिहिल्या गेल्या आणि तिथंच पुसल्या गेल्या. डॉक्टरांची एकच चूक झाली. शाळेत असताना गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं की दाबून लिहिलं म्हणजे अक्षर सुधारतं. ते आयुष्यभर दाबून लिहीत आले.

मग ‘स्मरणी’ आली.

‘स्मरणी’ म्हणजे कुटुंब आरोग्य खात्याची यंत्रणा. तिचे दोन भाग होते. एक पांढरी डबी, मुठीएवढी, डॉक्टरच्या टेबलावर ठेवायची. तिच्यावर हिरवा दिवा. ती पेशंटचं बोलणं ऐकायची आणि केसपेपर आपला आपण लिहायची. नुसते शब्द नाहीत. श्वास कुठं तुटला, आवाज कुठं बारीक झाला, यावरून दुखणं खरं किती आणि सांगायचं किती, हेही ती मांडायची. दुसरा भाग जुन्या कागदांचा. सगळ्या दवाखान्यांतले जुने केसपेपर नेऊन त्यांचे फोटो काढायचे, आणि माणसाचा जन्मापासूनचा इतिहास एका खात्यात भरायचा. त्या खात्याचा सारांश दर महिन्याच्या एक तारखेला, संध्याकाळी सहा वाजता, कुटुंबप्रमुखाच्या फोनवर जायचा.

कारंडेवाडीत या सारांशाचं फार कौतुक झालं. कारण इथले निम्मे कुटुंबप्रमुख गावात नसतात. विट्याकडची ही माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. कुणी सेलमला, कुणी गुवाहाटीला, कुणी अमृतसरला. यात्रेला आणि लग्नाला गावी यायचं, एरवी फोन. आता महिन्याच्या महिन्याला घरच्यांची तब्येत फोनवर येऊ लागली. आईची साखर किती, पोराचं वजन किती, बायको दवाखान्यात कितीदा गेली. प्रेमाची माणसं खूश झाली. दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त खूश झाली.

कागद न्यायला गाडी आली तेव्हा डॉक्टरांनी स्वतः पेट्या उघडून दिल्या. तालुक्याच्या समन्वयक मृणाल बेडगे म्हणाल्या, “सर, इतकं नीट ठेवलेलं रेकॉर्ड मी जिल्ह्यात पाहिलं नाही.” डॉक्टर एवढे फुलले की त्यांनी सही दोनदा केली. गाडीत जागा कमी होती म्हणून दोन पेट्या तेवढ्या राहिल्या. त्या पुढच्या फेरीला न्यायच्या ठरल्या.

महिनाभरानं मुख्याध्यापक दणाणे दवाखान्यात आले आणि बसले नाहीत.

“डॉक्टर, माझ्या मुलाच्या फोनवर आलंय की मी भुताला भितो.”

डॉक्टर हसले. “काहीतरीच. कुणी लिहिलं?”

“तुम्ही. एकोणीस वर्षांपूर्वी. आणि माझ्यासमोर खोडलं होतं.”

डॉक्टरांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्याचा उपयोग संपला.

त्यांनी मृणालबाईंना फोन लावला. बाईंनी आनंदानं समजावून सांगितलं. स्मरणी कागदाचा एक फोटो काढत नाही, आठ काढते. दर वेळी दिवा वेगळ्या बाजूनं, अगदी आडवा, सूर्य मावळताना शेतात पडतो तसा उजेड. तेव्हा कसं, सपाट वाटणाऱ्या रानातही सऱ्या दिसायला लागतात? तसंच कागदाचं. खोडरबर पेन्सिलीचा काळा नेतो, पण टोकानं कागदात पडलेली सरी तशीच राहते. आडव्या उजेडात तिची सावली पडते. आठ सावल्या जुळवल्या की अक्षर उठतं.

“आणि तुमचे कागद तर सर, इतके सुंदर उठले! तुम्ही दाबून लिहिता ना!”

“पण खोडलेलं कशाला वाचायचं?” डॉक्टर म्हणाले. “खोडलं म्हणजे ते नको होतं.”

“नको असतं तेच उपयोगाचं असतं, सर. स्मरणीनं लाखो केसपेपर ताडून पाहिलेत. माणूस पुढं कशानं आजारी पडणार, हे शाईच्या नोंदींवरून शंभरात चाळीसदा कळतं. पेन्सिलीवरून साठदा. आणि खोडलेल्यावरून नव्वदला. दारू, मारहाण, उपासमार, सगळं खोडलेल्यात सापडतं. खोटं कुणी खोडत बसत नाही हो. म्हणून शाईची ती साधी नोंद, पेन्सिलीची विशेष आणि खोडलेली अतिविशेष. सारांश छोटा असतो, त्यात फक्त अतिविशेष घेतो. लोक लांबलचक वाचत नाहीत.”

फोन ठेवल्यावर डॉक्टरांनी दोऱ्याचा खोडरबर हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसले. त्यांचा उजवा हात टेबलाखाली होता. हल्ली तो बहुतेक टेबलाखालीच असे.

मंदाताई दारात उभ्या होत्या. त्या दवाखान्यातल्या नर्स, तीस वर्षांपासूनच्या. डॉक्टरांना काय म्हणायचंय ते डॉक्टरांच्या आधी त्यांना कळायचं, आणि न म्हणायचंय ते त्याहून आधी. गेली दोन वर्षं सगळी इंजेक्शनं त्याच देत होत्या. का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “तेजाचा कागद गेला की राहिला?”

डॉक्टरांनी राहिलेल्या दोन पेट्या उपसल्या. तेजश्रीचा कागद त्यांत नव्हता. तो गेला होता; तिच्या गल्लीचे सारांश येत्या एक तारखेला जायचे होते.

तेजश्री स्वतःच दुसऱ्या दिवशी आली. चौतीस वर्षांची, दोन मुलींची आई. नवरा संग्राम सेलमला. आल्या आल्या तिनं डबीकडे पाहिलं. मंदाताईंनी डबी उचलली, शेजारच्या खोलीत नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. “बोल आता,” त्या म्हणाल्या.

“डॉक्टरकाका, दणाणे सरांचं कळलं. माझंबी तसं हुणार का?”

तिची नोंद सहा वर्षांपूर्वीची होती. शाईनं, ‘अशक्तपणा, रक्तवाढीच्या गोळ्या.’ पेन्सिलीनं, ‘तांबी बसवली. घरी माहीत नाही. तिसरं नको म्हणते. नवरा व सासू मुलासाठी थांबलेत.’ तांबी मंदाताईंनी बसवली होती, लिहिलं डॉक्टरांनी होतं, आणि तेजश्रीनं स्वतःच्या डोळ्यांनी खोडलेलं पाहिलं होतं. सहा वर्षं घरातले नवस करत होते. दर अमावास्येला सासू तिला जोतिबाला नेत होती. तेजश्री न चुकता जात होती आणि नारळ फोडत होती. देवाची तिनं मनातून माफी मागितली होती. देवाचं काही म्हणणं आलं नव्हतं.

“कळलं तर काय होईल?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

“थोरल्या जाऊबाईंचं झालं तेच. त्यांच्या गोळ्या कपाटात सापडल्या. आठव्या दिवशी माहेरी. पोरी हितं, त्या तिकडं. चार वर्षं झाली, पोरींची तोंडं बघितली न्हाईत त्यांनी.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “आन् आमचे हे कधी आवाज चढवत न्हाईत, तुम्हांला ठावं हाय. गोड बोलत्यात. मनगट मोडलं तवाबी गोडच बोलत हुते.”

मनगटाचीही नोंद होती. शाईनं, ‘न्हाणीघरात पडली.’ पेन्सिलीनं डॉक्टरांनी काहीच लिहिलं नव्हतं, कारण तेजश्री तेव्हा काहीच बोलली नव्हती. आता बोलली. म्हणजे डॉक्टरांना ते आज, पाच वर्षांनी कळलं. मंदाताईंना तेव्हाच कळलं होतं.

“आज अठरा तारीख,” डॉक्टर म्हणाले. “एक तारखेच्या आत मी बघतो.”

बघतो म्हणणं सोपं होतं. नियमात दुरुस्तीची सोय होती: मूळ डॉक्टरानं डबीसमोर उभं राहून सांगायचं की अमुक नोंद चुकीची होती. डॉक्टरांनी त्रेचाळीस वर्षांत पेशंटसाठी कधी खोटं लिहिलं नव्हतं, फक्त खरं पुसलं होतं. त्या दिवशी त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “तेजश्री संग्राम माळवदे यांच्या कागदावरची तांबीची नोंद माझ्या हातून चुकून झाली. ती दुसऱ्या पेशंटची होती.”

हिरवा दिवा लुकलुकला. टेबलावरच्या पडद्यावर उत्तर आलं.

‘दुरुस्तीबद्दल धन्यवाद. नोंद खोडली गेली होती; आता नाकारली गेली आहे. आवाजात ताण. नोंद खरी असण्याची शक्यता आधी ७१ टक्के, आता ९४.’

डॉक्टरांनी मृणालबाईंना फोन केला आणि त्यांच्याशी पहिल्यांदा आवाज चढवून बोलले.

“सर, यंत्र बरोबर आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “जे लपवायला माणूस दोनदा येतो, ते खरंच असतं.”

“आणि ते नवऱ्याला कळल्यावर तिचं जे होईल ते?”

बाई वाईट नव्हत्या. दिवसातून चाळीस फोन घेणारी कुठलीही बाई असते तशा होत्या. “सर, एक रस्ता आहे नियमात. पेशंटनं स्वतःच्या तोंडानं ती गोष्ट उघड सांगितली, तर ती लपवलेली राहत नाही. मग ती साध्या नोंदीत जाते, लसीकरणाच्या यादीत वगैरे, आणि सारांशात येत नाही. पण आजवर कुणी तसं केलं नाही. जी गोष्ट पुसून घेतली, ती कोण मोठ्यानं सांगेल?”

डॉक्टरांनी हे ऐकलं आणि बाजूला ठेवलं. त्यांना दुसरंच सुचलं होतं. दोन पेट्या अजून दवाखान्यात होत्या. सहाशे बारा केसपेपर, सगळे बायकांचे. गाडी गुरुवारी येणार होती.

“मंदाताई,” ते म्हणाले, “ज्या गावात एकाच बाईनं तांबी लपवली, तिथं ती बाई सापडते. सगळ्यांनीच लपवली असेल तर?”

मंदाताईंनी क्षणभर विचार केला. “मग डॉक्टर खुळा ठरतो,” त्या म्हणाल्या.

“तेच हवंय. खुळ्याचं खोडलेलं कुणी खरं धरत नाही.”

सोमवारपासून डबी तांदळात गेली आणि दवाखान्यात बायकांची रांग लागली. मंदाताई भजनी मंडळात एवढंच म्हणाल्या होत्या की खात्यावाल्यांनी आपली पुसलेली गाऱ्हाणी उकरून काढलीत, त्यांची जिरवायची आहे, डॉक्टरांना कागदासाठी तुमची परवानगी पाहिजे. कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही. बायका असल्या गोष्टीत फार विचारत नाहीत.

“माझ्या कागदावर काय लिवताय?” गोदाक्का म्हणाल्या.

“तांबी.”

“मी पासष्ट वर्षांची हाय, डॉक्टर! ह्यांनी वाचलं तर वरनं खाली येतील इचारायला.”

“मग तुम्ही सांगा काय लिहू.”

गोदाक्कांनी पदर तोंडाला लावला. “लिवा, सासूच्या तपकिरीत मिरपूड घातली हुती.”

“हे खरं आहे का?”

“खोडणार हाईसा न्हवं?” गोदाक्का म्हणाल्या. “मग इचारताय कशाला?”

दवाखाना हसण्यानं भरून गेला. तरण्याबांड सुनांच्या कागदांवर तांबी, साठीच्या पुढच्यांच्या कागदांवर मिरपूड, चोरलेली कोंबडी, दिराला घातलेली शिवी. डॉक्टर लिहीत, लगेच खोडत, फुंकर मारत. तीन दिवस टेबलाखालचा उजवा हात टेबलावर होता, आणि तो काय करतोय हे सगळ्यांना दिसत होतं. अक्षर ओळीच्या सुरुवातीला मोठं असे आणि शेवटाला मुंगीएवढं होई. पेन्सिल कागदावर टक टक वाजे. डॉक्टरांना स्वतःला दोन वर्षांपासून माहीत होतं की हे काय आहे. दुसऱ्या कुणाच्या हाताला असं होताना त्यांनी पाहिलं असतं, तर दारातूनच निदान केलं असतं. स्वतःच्या कागदावर मात्र त्यांनी हे शाईनं, पेन्सिलीनं, कशानंच लिहिलं नव्हतं.

“डॉक्टर, हात थांबवा थोडा,” मंदाताई म्हणाल्या. “मी लिवते.”

“तुमचं अक्षर यंत्राला परकं पडेल. माझंच पाहिजे.”

हसण्याच्या त्या तीन दिवसांत एक गोष्ट घडली. शेवटून तिसरी जी बाई आली, ती हसत नव्हती. ती वाकली आणि डॉक्टरांच्या कानात काहीतरी म्हणाली. सगळ्यांची गंमत चालली होती, म्हणून आपणही गमतीत सांगितलं असं तिला नंतर म्हणता आलं असतं; पण ते खरं होतं. डॉक्टरांची पेन्सिल थांबली. त्यांनी तिच्या कागदावर तांबी लिहिली, खोडली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, “शनिवारी ये. डबी तांदळात असेल.”

गुरुवारी गाडी आली आणि पेट्या गेल्या.

तीस तारखेला सकाळी पडद्यावर उत्तर आलं. मंदाताईंनी ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच आवाज खाली आणला.

‘कारंडेवाडी येथील ६१२ नव्या खोडलेल्या नोंदी बनावट ठरवून बाद केल्या आहेत. कारण: सर्व नोंदी एकाच आठवड्यातील. लिहिणाऱ्याच्या हाताला सेकंदाला पाच वेळा कंप. ओळीअखेर अक्षर बारीक. लिहिणाऱ्यास कंपवात, सुमारे दोन वर्षे. ही बाब लिहिणाऱ्याने लपवली असल्याने अतिविशेष. त्यांच्या कुटुंबप्रमुखास कळवले आहे. कंपामुळे जुन्या व नव्या नोंदी वेगळ्या करणे सोपे झाले. स्थिर हाताच्या जुन्या नोंदी खऱ्या. तेजश्री संग्राम माळवदे: ९९ टक्के. सहकार्याबद्दल आभारी आहोत.’

डॉक्टर उपळेकरांचे कुटुंबप्रमुख म्हणजे त्यांचा मुलगा अमेय, पुण्याला. फोन अकरा वाजता आला.

“बाबा, दोन वर्षं? दोन वर्षं तुम्ही लोकांना तपासताय असल्या हातानं?”

“इंजेक्शनं मंदाताई देतात.”

“ते नका सांगू मला. मी रविवारी येतोय. दवाखान्याला कुलूप लावायचं. माझ्या फोनवर एक बटण आलंय, ‘वैद्यकीय नोंदणी स्थगित करण्यास संमती’. मी ते दाबलंय.”

“मला विचारायचंस तरी.”

“तुम्ही मला विचारलं होतंत?” अमेय म्हणाला, आणि तो रडत होता हे डॉक्टरांना आवाजावरून कळलं. त्यासाठी त्यांना डबी लागली नाही.

एक तारखेला दुपारभर दवाखाना रिकामा होता. साडेपाचला तेजश्री आली. मुलींना तिनं शेजारी सोडलं होतं. मंदाताई डबी उचलायला गेल्या.

“ऱ्हाऊ द्या, ताई,” तेजश्री म्हणाली. “तिलाच सांगायचं हाय.”

उघड सांगण्याचा नियम तेजश्रीला आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनीच सांगितला होता. त्यासाठी डबी तांदळात ठेवून चालणार नव्हतं. हाच एक रस्ता शिल्लक होता. रात्रभर तिनं काय विचार केला ते तिनं सांगितलं नाही. केस नीट विंचरून, चांगली साडी नेसून ती आली होती, बँकेत सही करायला जावं तशी.

ती डबीसमोर बसली. हात मांडीवर ठेवले.

“मी तेजश्री संग्राम माळवदे,” ती म्हणाली. “सहा वर्षांमागं मी माझ्या मर्जीनं तांबी बसवली. मला दोन पोरी हाईत, बास हाईत. हे मी लपवत न्हाई. सगळ्यांसमोर सांगते.”

एवढंच. वाक्य कुठं तुटलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात सहाला वीस मिनिटं होती.

पडद्यावर अक्षरं आली.

‘धन्यवाद. रुग्णाने स्वतः जाहीर केल्याने ही बाब लपवलेली नाही. साध्या नोंदीत टाकली आहे. सारांशातून वगळली आहे.’

मंदाताई आत वळल्या आणि म्हणाल्या, “च्या टाकते.” तेजश्रीनं तोंड दोन्ही हातांत घेतलं. डॉक्टरांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याला हवं ते करू दिलं. आता लपवण्यासारखं त्याच्यात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांच्या मनात आलं, आपली त्रेचाळीस वर्षं खोडण्यात गेली, आणि या पोरीनं एका मिनिटात नुसतं सांगून टाकलं. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मंदाताई आतून म्हणाल्या, “आलं घालू का गं, तेजा?”

“घाला की,” तेजश्री म्हणाली, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसली.

हिरवा दिवा पुन्हा लुकलुकला.

‘आणखी एक निरीक्षण,’ पडद्यावर आलं. ‘वरील निवेदन देताना रुग्णाच्या आवाजात तीव्र भीती. शब्दांत भीतीचा उल्लेख नाही, म्हणजे लपवलेली. अतिविशेष. कारण: अज्ञात.’

डॉक्टर उठले. त्यांनी डबी उचलली, बटण शोधलं. डबीला बटण नव्हतं. ती त्यांच्या हातात थरथरत राहिली.

‘कारण शोधण्यासाठी कुटुंबप्रमुखाकडून माहिती मागवत आहोत.’

घड्याळात सहा वाजले. चहा उकळून वर आल्याचा वास आला आणि मंदाताईंनी तो उतरवला नाही, कारण त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

तेजश्रीचा फोन वाजला. तिनं तो चारदा वाजू दिला. मग उचलला, कारण न उचलणं काय समजलं जाईल हे तिला माहीत होतं. खोली एवढीशी, की पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मऊ, प्रेमळ आवाज. मागं कुठंतरी भट्टीची घरघर.

“तेजश्री? दवाखान्यात हाईस व्हय? बरं, बरं. अगं, मला आत्ता खात्यावाल्यांचा मेसेज आलाय. म्हणत्यात, तुझ्या बायकोला कसली तरी भीती वाटती, कारण ठावं असलं तर कळवा.”

डॉक्टरांच्या हातात हिरवा दिवा लागलेलाच होता. दोऱ्याला बांधलेला खोडरबर टेबलाच्या कडेवरून घसरला आणि लोंबकळत राहिला.

“चार पर्याय दिल्यात,” संग्राम हळुवारपणे म्हणाला. “अंधार, जनावर, घरातला माणूस, आन् इतर. बोल की गं. कुठला दाबू?”